‘कळकळ आहे, पण पटत नाही’ असा शेरा मिळालेल्या निबंधाविषयी मार्गदर्शन हवे आहे

पूर्वभागातली

नमस्कार. मी सोलापुरात शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला शिकते. अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्हाला दोन हजार शब्दांचा युक्तिवादात्मक निबंध लिहायचा आहे. माझा विषय ‘प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच हवे’ असा आहे. पहिला मसुदा मार्गदर्शक मॅडमनी परत केला. त्यांनी समासात तीन ठिकाणी ‘कशावरून?’ एवढेच लिहिले आहे आणि शेवटी शेरा दिला आहे : ‘भाषा चांगली आहे, कळकळ आहे, परंतु ज्याचे मत आधीपासून वेगळे आहे त्याला हे पटणार नाही.’

शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात निबंधाला मला नेहमी चांगले गुण मिळत असत, त्यामुळे नेमके कुठे चुकते आहे हे मला समजत नाही. प्रतिज्ञा, पूर्वपक्ष, खंडन हे शब्द मॅडमनी वर्गात वापरले होते आणि मी ते वहीत उतरवूनही घेतले, पण लिहिताना त्यांचा उपयोग कसा करायचा हे उमगत नाही. माझा पहिला परिच्छेद जसाच्या तसा देते :

‘आई ही आई असते आणि मातृभाषा ही मातृभाषा असते. आज इंग्रजी माध्यमाच्या वाढत्या आक्रमणामुळे आपली मराठी संकटात सापडली आहे. जपान, जर्मनी, फ्रान्स ही राष्ट्रे आपापल्या भाषेतून शिकतात, म्हणूनच ती प्रगत झाली. त्यामुळे प्रत्येक मुलाने मातृभाषेतूनच शिकले पाहिजे, यात तिळमात्र शंका नाही.’

दुसऱ्या मसुद्यासाठी माझ्याकडे दहा दिवस आहेत. कृपया मोकळेपणाने सांगावे.

अक्कलकोट_निवृत्त

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. तुमचा परिच्छेद दोनदा वाचला. त्यात चारच वाक्ये आहेत, म्हणून प्रत्येकाविषयी सांगतो.

पहिले वाक्य कानाला गोड वाटते, पण ते काहीही सांगत नाही. आई ही आई असते हे कोणीही नाकारणार नाही, आणि जे कोणीही नाकारत नाही त्याच्यासाठी युक्तिवादाची गरज नसते. शालेय निबंधात अशा सुरुवातीला गुण मिळत असत, कारण तिथे भाषेची परीक्षा असते. इथे विचाराची परीक्षा आहे.

दुसऱ्या वाक्यात तुमचा विषयच बदलला आहे. शीर्षक मातृभाषेचे आहे आणि वाक्य मराठीचे आहे. सोलापुरात ही चूक विशेष खटकते. पूर्व भागातील हजारो घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कानडी आहे, शहरात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. या मुलांची मातृभाषा कोणती आणि ‘आपली मराठी’ या शब्दांतील ‘आपण’ कोण, हे ठरवल्याशिवाय पुढचे एकही वाक्य उभे राहत नाही. निबंधातील कळीच्या शब्दाची व्याख्या सुरुवातीलाच करावी, असे सांगितले जाते ते याचसाठी. शब्दकोशातील अर्थ उतरवून काढणे म्हणजे व्याख्या करणे नव्हे. ‘या निबंधात मातृभाषा म्हणजे मूल शाळेत येण्यापूर्वी घरात जी भाषा बोलते ती’, एवढे एक वाक्य पुरते.

तिसऱ्या वाक्याशी मॅडमनी ‘कशावरून?’ लिहिले असणार, अशी माझी खात्री आहे. जपान आपल्या भाषेत शिकतो हे खरे आणि जपान प्रगत आहे हेही खरे, पण ‘म्हणूनच’ या शब्दाला तुम्ही कोणताही आधार दिलेला नाही. आपल्या भाषेत शिकवूनही गरीब राहिलेले देश आहेत, आणि प्रगतीला उद्योग, भांडवल, इतिहास अशी इतर अनेक कारणे असतात. जो हेतू, म्हणजे दाव्यासाठी दिलेले कारण, साध्य (जे सिद्ध करायचे ते) असेल तिथेही सापडतो आणि साध्य नसेल तिथेही सापडतो, त्याला न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, ‘सव्यभिचार’ हेतू म्हणतात आणि हेत्वाभासांमध्ये, म्हणजे फसव्या हेतूंमध्ये, त्याची गणना पहिली होते. शिवाय जपानमधील बहुतेक वर्गांत मुलांची घरची भाषा एकच असते. आपल्या सोलापुरातील साखर पेठेतल्या वर्गाशी त्याची तुलना करायची असेल तर आधी ती करता येते हे दाखवावे लागेल.

चौथ्या वाक्यातील ‘यात तिळमात्र शंका नाही’ हे शब्द काढून टाका. ज्याला शंका आहे त्याच्यासाठीच निबंध लिहिलेला असतो.

आता संज्ञांकडे वळतो. विषय, मत आणि प्रतिज्ञा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘शिक्षणाचे माध्यम’ हा विषय झाला. ‘मातृभाषा बरी’ हे मत झाले. समंजस माणूस जिला ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणू शकेल आणि जिच्या बाजूने पुरावा मांडता येईल, ती प्रतिज्ञा. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवून देण्यासाठी करायच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन.

आपले विद्यार्थी प्रतिज्ञा आणि हेतू लिहितात आणि तिथून उडी मारून थेट निगमनावर जातात. मधले दोन अवयव गळतात, आणि वाचक नेमका तिथेच ‘कशावरून?’ असे विचारतो. उदाहरण या अवयवाला केवळ दाखला समजू नका. त्यात सर्वसाधारण नियम आणि तो नियम जिथे सर्वांना दिसतो अशी जागा, असे दोन्ही येते. उपनयाचे काम त्याहून नाजूक आहे. जो नियम स्वयंपाकघरात दिसला तो या डोंगरालाही लागू पडतो, हे तिथे सांगावे लागते. तुमच्या निबंधात युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाचा आधार घेता येईल, कारण आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे अशी शिफारस त्यात स्पष्टपणे केलेली आहे. पण तो अहवाल सोलापूरविषयी नाही. तो सोलापूरच्या पहिलीच्या वर्गाला कसा लागू होतो हे तुम्हालाच दाखवावे लागेल, आणि माझ्या मते निबंधाचा निम्मा जीव तिथेच असायला हवा.

पाश्चात्त्य तर्कविचारातही हीच जागा ओळखलेली आहे. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये जी मांडणी केली तिच्यात दावा आणि पुरावा यांच्या मध्ये त्यांना जोडणारे एक गृहीतक दाखवलेले आहे. बोलताना आपण ते गृहीतक न उच्चारता पुढे जातो आणि ऐकणारा आपल्याच मताचा असेल तर ते खपूनही जाते. तो वेगळ्या मताचा असेल तर त्याचा आक्षेप बहुधा त्या न उच्चारलेल्या गृहीतकावरच असतो. म्हणून प्रत्येक परिच्छेद लिहून झाल्यावर स्वतःला विचारा : या पुराव्यावरून हा दावा निघतो असे मानण्यासाठी वाचकाने आणखी काय मानलेले असले पाहिजे? जे उत्तर येईल ते वाक्य परिच्छेदात लिहून टाका.

पूर्वपक्षाविषयीही, म्हणजे विरुद्ध बाजूच्या म्हणण्याविषयीही, थोडे सांगतो. न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केलेले आहेत. सत्य शोधण्यासाठी केला जातो तो वाद, जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडली जाते ती वितंडा. शैक्षणिक निबंध हा वाद आहे. त्यामुळे विरुद्ध बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडावी की त्या बाजूच्या माणसाला ‘माझे म्हणणे मलाही इतके नीट सांगता आले नसते’ असे वाटले पाहिजे. तुमच्या मसुद्यात विरुद्ध बाजू कुठेच दिसत नाही, दिसते ते केवळ ‘आक्रमण’. यंत्रमागावर दिवसभर उभे राहून जो बाप मुलीची इंग्रजी शाळेची फी भरतो, तो आक्रमक नाही. त्याचे म्हणणे काय आहे, हे आधी लिहा.

पूर्वभागातली

सर, तुमचे उत्तर मी वहीत उतरवून घेतले आहे. ‘आपली मराठी’ या शब्दांविषयी तुम्ही जे लिहिले ते वाचून मी बराच वेळ थांबले, कारण आमच्या घरात तेलुगू बोलली जाते. मी मराठी शाळेत शिकले आणि आज मराठीतच विचार करते, पण निबंध लिहिताना माझेच घर मी विषयाबाहेर ठेवले, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

दोन शंका आहेत. पहिली शंका अशी की, वाचन करताना मला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सापडला, त्यात राज्य सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही असे म्हटले आहे. तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. तो निबंधात घ्यावा की वगळावा?

दुसरी शंका व्यक्तिगत आहे. मी पहिलीत असताना बाईंनी तक्त्यावरच्या सशाच्या चित्रावर पट्टी ठेवून ‘हे काय?’ असे विचारले आणि मी ‘कुंदेलू’ म्हणाले. तेलुगूत सशाला कुंदेलू म्हणतात. वर्ग हसला, बाईंनी ‘हिला ससासुद्धा माहीत नाही’ असे म्हटले, आणि त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. शैक्षणिक निबंधात असे लिहिणे चालते का?

वकील_सात_रस्ता

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. तो निकाल घ्याच. तुम्ही वगळलात तरी तुमच्या वाचकाला तो ठाऊक असू शकतो, आणि मग तुमच्या उरलेल्या पुराव्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

हा निकाल २०१४ चा, कर्नाटक सरकारच्या भाषाधोरणाविषयीचा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा आहे. प्राथमिक स्तरावर मातृभाषेचे माध्यम शाळांवर लादण्याचा अधिकार राज्याला नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, असे त्यात म्हटले आहे. आता त्याच्या शेजारी बाकीची कागदपत्रे ठेवून पाहा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवण्याचा प्रयत्न करण्यास राज्यांना सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात माध्यम ‘व्यवहार्य असेल तितपत’ मुलाची मातृभाषा असावे असे आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ‘जिथे शक्य असेल तिथे’ किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे असे म्हणते.

हे सर्व एकत्र वाचले की एक भेद स्पष्ट होतो. सोय करणे वेगळे आणि सक्ती करणे वेगळे. न्यायालयाने सक्ती नाकारली, सोय नाकारलेली नाही. तुमची प्रतिज्ञा सक्तीची असेल तर निकाल तुमच्या विरुद्ध आहे. ती सोयीची असेल तर तोच निकाल तुम्हाला तुमच्या दाव्याची सीमा आखून देतो.

आणि म्हणून माझी एक आग्रहाची सूचना आहे. तुमच्या शीर्षकातील ‘मातृभाषेतूनच’ या शब्दातील ‘च’ काढा. मराठीत हे एक अक्षर फार मोठा भार उचलते. ‘मातृभाषेतून’ असे म्हटले तर मातृभाषेचा लाभ होतो एवढेच सिद्ध करावे लागते. ‘मातृभाषेतूनच’ असे म्हटले की इतर कोणत्याही मार्गाने भागणार नाही, हेसुद्धा सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि ते कोणालाही दोन हजार शब्दांत जमणार नाही. कायद्याने स्वतःच ‘व्यवहार्य असेल तितपत’ असे म्हटले आहे. असे मर्यादा घालणारे शब्द वापरल्याने दावा दुबळा होत नाही. जेवढा पुरावा तेवढेच विधान, हे वाचकाला दिसते आणि तो लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायला तयार होतो.

मांडणीबद्दलही सांगतो. विरुद्ध मुद्दा निबंधाच्या अगदी शेवटी ठेवू नये, कारण वाचकाच्या मनात तोच राहतो. तुमचा सर्वांत भक्कम हेतू सांगून झाला की पूर्वपक्ष घ्या, त्यातले जे मान्य आहे ते ‘हे खरे आहे की’ म्हणून स्पष्टपणे मान्य करा, आणि मग ‘तथापि’ लिहून आपले उत्तर द्या. मान्य करणे एका वाक्यात आणि उत्तर चार वाक्यांत, असे प्रमाण साधारणपणे असावे.

होटगी_रोड

मी प्राथमिक शिक्षिका आहे. ताई, तुमची कुंदेलूची आठवण निबंधात अवश्य घ्या, पण तिच्याकडून कोणते काम करून घ्यायचे ते आधी ठरवा.

पटवून देण्याच्या साधनांची अरिस्टॉटलने जी विभागणी केली तिच्यात तर्क, भावना आणि बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास अशी तीन अंगे येतात. लोगोस, पॅथॉस आणि इथॉस हे शब्द तुम्हाला अभ्यासक्रमात भेटतीलच. तुमची आठवण भावनेला हात घालते हे उघड आहे. पण मला तिच्यातली तर्काची बाजू जास्त मोलाची वाटते. त्या मुलीला ससा माहीत होता. तिला माहीत नव्हता तो एक मराठी शब्द. वर्गाने शब्दाच्या अज्ञानाला वस्तूचे अज्ञान मानले, आणि मुलीने त्याचा अर्थ ‘आपल्याला काही येत नाही’ असा लावला. घरची भाषा वर्गाबाहेर ठेवली की मुलाचे आधीचे ज्ञान वर्गात कसे निरुपयोगी ठरते, याची संपूर्ण प्रक्रिया त्या एका प्रसंगात दिसते.

वर सरांनी उपनयाविषयी जे लिहिले आहे, त्या जागेवर हा प्रसंग बसतो. एका मुलीच्या अनुभवावरून नियम सिद्ध होत नाही, म्हणून नियमासाठी अहवाल आणि संशोधन हवेच. पण नियम सोलापूरच्या वर्गात कसा उतरतो हे दाखवायला तुमच्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

लिहिताना विशेषणे टाळा. ‘हृदयद्रावक’, ‘निर्दयी’, ‘कोवळे मन’ असे शब्द आले की वाचक सावध होतो. पट्टी, तक्ता, चित्र, शब्द आणि नंतरची शांतता एवढेच लिहा. बाईंना दोषही देऊ नका. चाळीस मुलांच्या वर्गात तीन भाषा असतात तेव्हा काय करावे हे आम्हाला कोणी शिकवलेले नसते. तुमच्या निबंधाची खरी मागणी तिथे आहे, असे मला मनापासून वाटते.

सरांच्या आणि माझ्या मतात एक फरक आहे. त्यांच्या उत्तरावरून व्याख्या सर्वांत आधी यावी असे वाटते. मी आधी प्रसंग ठेवीन आणि मग व्याख्या देईन. ‘कुंदेलू’ हा शब्द वाचून थांबलेल्या वाचकाला ‘मातृभाषा म्हणजे घरची भाषा’ हे वाक्य आपोआप महत्त्वाचे वाटेल.

अक्कलकोट_निवृत्त

बाईंचे म्हणणे योग्य आहे. प्रसंग आधी घ्यावा. मी माझी सूचना मागे घेतो.

पूर्वभागातली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. शीर्षकातील ‘च’ काढला आहे.

‘पहिलीच्या वर्गात शिक्षिकेने सशाच्या चित्रावर पट्टी ठेवून “हे काय?” असे विचारले, तेव्हा मी “कुंदेलू” असे उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, परंतु ते तेलुगूत होते, आणि वर्गात ते चूक ठरले. या निबंधात मातृभाषा म्हणजे मूल शाळेत येण्यापूर्वी घरात जी भाषा बोलते ती, असा अर्थ घेतला आहे. सोलापुरात ती मराठी, तेलुगू, कानडी किंवा उर्दू असू शकते. अशा शहरात पहिल्या दोन इयत्तांमध्ये मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात स्थान देण्याची सोय शाळांनी शक्य तितकी करावी, असे प्रतिपादन मी करणार आहे; कारण मुलाला जे आधीपासून माहीत आहे त्याच्याशी जोडून दिलेले नवे ज्ञान त्याला लवकर कळते, आणि त्याचे आधीचे ज्ञान त्याच्या घरच्या भाषेत साठवलेले असते. यावरून हे सिद्ध होते की घरची भाषा मराठी शिकण्याच्या आड येत नाही.’

दुसऱ्या परिच्छेदात युनेस्कोचा अहवाल आणि त्याचा सोलापूरशी संबंध, तिसऱ्यात माझ्या वडिलांचे म्हणणे. ते यंत्रमागावर काम करतात आणि धाकट्या भावाला त्यांनी इंग्रजी शाळेत घातले आहे. आज सकाळी मी त्यांना त्याचे कारण विचारले आणि ते जसे बोलले तसेच लिहून घेतले. ‘इंग्रजी आली तर पुण्यात नोकरी मिळते, तेलुगू आली तर माग मिळतो’, असे ते म्हणाले. याचे उत्तर माझ्याकडे अजून पूर्णपणे नाही, पण हे वाक्य मी बदलणार नाही.

अक्कलकोट_निवृत्त

वडिलांचे वाक्य जसे आहे तसेच ठेवा. तुमच्या मसुद्यातील पूर्वपक्ष आता खरा झाला आहे. उत्तर शोधताना एवढे लक्षात घ्या की त्यांचे म्हणणे नोकरीच्या वयाविषयी आहे आणि तुमची प्रतिज्ञा पहिल्या दोन इयत्तांविषयी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का, हे तपासा.

परिच्छेदात एकच दुरुस्ती सुचवतो. शेवटच्या वाक्यातील ‘यावरून हे सिद्ध होते की’ हे शब्द काढा. त्या ठिकाणी अजून काहीही सिद्ध झालेले नाही. घरची भाषा मराठीच्या आड येत नाही, हा एक वेगळा दावा आहे आणि त्याला स्वतःचा हेतू लागेल. ते वाक्य चौथ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला न्या आणि त्याच्याखाली पुरावा लिहा.